‘कन्यादान’मधील ज्योती आणि अरुण : माफीचे ओझे कोणाच्या खांद्यावर?

तिसरी घंटा

विजय तेंडुलकरांचे ‘कन्यादान’ मी महाविद्यालयात असताना पहिल्यांदा वाचले, तेव्हा ते मला केवळ जातीविषयीचे नाटक वाटले होते. परवा एका हौशी संस्थेचा प्रयोग पाहिला आणि या वेळी नजर सारखी ज्योती आणि अरुण या जोडप्याकडेच जात राहिली. प्रयोग संपल्यावर बाहेर चहाच्या टपरीवर दोन तरुण प्रेक्षक तावातावाने वाद घालत होते. दुसऱ्या अंकात अरुण दारूच्या नशेत सासरी येऊन रडतो, ज्योतीला मारणारे स्वतःचे हात तोडून टाकायला हवेत असे म्हणतो, ते रडणे खरे की नाटकी, हा त्यांचा वाद होता. घरी येईपर्यंत तोच प्रश्न माझ्याही डोक्यात होता; परंतु नाटक पुन्हा काढून वाचल्यावर वाटले की प्रश्नच चुकीचा विचारला जात आहे, आणि म्हणून हा धागा.

ज्यांनी नाटक वाचलेले नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. नाथ देवळालीकर हे समाजवादी विचारांचे आमदार, त्यांची पत्नी सेवा हीही चळवळीतली कार्यकर्ती. जयप्रकाश आणि ज्योती ही त्यांची मुले. ज्योती घरी सांगते की अरुण आठवले या दलित तरुण कवीशी लग्न करायचे तिने ठरवले आहे. ओळख जेमतेम दोन महिन्यांची आहे. सेवा आणि जयप्रकाश यांना शंका आहेत, त्या जातीच्या नसून माणसाविषयीच्या आहेत. नाथांना मात्र इतका आनंद होतो की जातिअंताची घोषणा आजवर केवळ भाषणांत होती, ती आता आपल्या घरात उतरली, असे ते बोलून दाखवतात. लग्न होते. अरुण ज्योतीला मारतो, घालूनपाडून बोलतो, तिच्या आईवडिलांवर घाणेरडे आरोप करतो आणि ती गरोदर असतानाही हे थांबत नाही. १९८३ साली इंडियन नॅशनल थिएटरने सदाशिव अमरापूरकरांच्या दिग्दर्शनाखाली हे नाटक रंगभूमीवर आणले.

आता त्या माफीच्या प्रसंगाकडे येतो. अरुण येण्यापूर्वी घरात विषय कोणता असतो? ज्योती परत आलेली आहे आणि आपण अरुणकडे जाणार नाही असे तिने सांगितले आहे. म्हणजे एका मुलीने घेतलेला एक निर्णय घरासमोर आहे. अरुण येतो, स्वतःला शिव्याशाप देतो, आपल्या बापाने आईला कसे मारले हे पाहतच आपण वाढलो असे सांगतो, आणि पाहता पाहता घरासमोरचा विषय बदलतो. ज्योतीचे काय करायचे हा प्रश्न मागे पडून अरुणचे काय करायचे हा प्रश्न पुढे येतो. मार तिने खाल्लेला आहे आणि सांत्वनाची गरज त्याला आहे. शेवटी ती त्याच्याबरोबर निघून जाते, आणि नाथांना तिचा अभिमान वाटतो की आपले संस्कार वाया गेले नाहीत.

मराठीत आपण माफी ‘मागतो’. देतो तो समोरचा, आणि मागणारा चारचौघांत हात पसरून उभा राहिला की न देणारा कठोर ठरतो. अरुणचे अश्रू शंभर टक्के खरे आहेत असे मी मानायला तयार आहे. ते खरे असूनही त्यांचा परिणाम तोच होतो. किंबहुना खोट्या अश्रूंचा प्रतिकार ज्योती करू शकली असती. ती मूर्ख नाही. खऱ्या अश्रूंपुढे तिच्याजवळ बचाव उरत नाही.

या सगळ्याची सुरुवात लग्नानंतरची नाही, हेही या वाचनात ठळकपणे जाणवले. पहिल्या अंकात अरुण देवळालीकरांच्या घरी येतो तेव्हाच तो तिची परीक्षा घेऊ लागतो. माझ्या बापाच्या झोपडीत शिळी भाकरी आणि आंबलेली डाळ न ओकता खाशील का, वस्तीतल्या संडासात रोज जाशील का, असे प्रश्न तो तिला विचारतो. प्रश्न सामाजिकदृष्ट्या न्याय्य आहेत, म्हणून ते ऐकताना आपणही खजील होतो. पण प्रेयसीसमोर ते परीक्षेसारखे ठेवले की त्यांचे स्वरूप बदलते, कारण या परीक्षेला निकालाची तारीख नाही. एका प्रश्नात उत्तीर्ण झाले की दुसरा तयार असतो. त्याच प्रसंगात तो तिचा हात पिरगाळतो, ती कळवळते, आणि लगेच तो दिलगीर होतो. संसाराचा सगळा नकाशा तेंडुलकरांनी तिथेच काढून ठेवला आहे.

सत्तेचे म्हणाल, तर या जोडप्यात दोन तराजू एकाच वेळी टांगलेले आहेत. देवळालीकरांच्या दिवाणखान्यात पुस्तके, खुर्च्या, भाषा, शिष्टाचार, सगळे ज्योतीच्या बाजूचे आहे. तिथे अरुणचा जीव गुदमरतो आणि ते गुदमरणे खोटे नाही. घराबाहेर पडले की तो नवरा आहे आणि ती बायको. विशेष म्हणजे नाटक त्या दिवाणखान्याबाहेर जातच नाही. मारहाण जिथे होते ते घर आपल्याला कधीच दिसत नाही. आपल्याला दिसते ती माफी.

सदस्यांनी या जोडप्याविषयी लिहावे, अशी विनंती आहे. तेंडुलकर श्रेष्ठ की नाही, हा वाद कृपया येथे नको.

विंगेतून

मी बऱ्याच वर्षांपूर्वी एका स्पर्धेसाठी ज्योतीची भूमिका केली होती. तालमीत जाणवलेली एक गोष्ट सांगते. माफीच्या प्रसंगात बोलणारे सगळे इतरच असतात. अरुणला शब्द आहेत, नाथांना शब्द आहेत, सेवाला आहेत. ज्योतीच्या वाट्याला फारसे काही येत नाही. मी दिग्दर्शकांना विचारले की ती नेमकी कोणत्या क्षणी परत जायचे ठरवते, म्हणजे मला तो क्षण उभा करता येईल. ते म्हणाले, तूच शोध. महिनाभर शोधूनही मला तो सापडला नाही, आणि शेवटी मी तो प्रसंग न ठरवताच केला. ती जणू उठून चालू लागते आणि आपण निघालो आहोत हे तिला दाराशी पोहोचल्यावर कळते, अशा रीतीने. परीक्षकांनी नंतर ‘भूमिकेत निर्णयक्षमता दिसली नाही’ असा शेरा दिला. मला आजही वाटते की तो शेरा भूमिकेवर नव्हताच, ज्योतीवर होता.

साधा वाचक

विषय चांगला आहे; फक्त धाग्याची एक दिशा मला खटकण्याचा संभव आहे, म्हणून आधीच सांगून ठेवतो. अलीकडे प्रत्येक नात्याला ‘मॅनिप्युलेशन’, ‘टॉक्सिक’ अशी लेबले चिकटवायची आणि माणूस समजला असे मानायचे, ही पद्धत पडली आहे. मानसशास्त्रातील शब्द साहित्यावर उलट लावत गेलो तर अरुण हा एक रोगी होतो आणि ज्योती त्या रोगाची बळी होते. नाटक उरत नाही.

आपल्या भाषेत यासाठी शब्द नाही असेही नाही. ‘वेठीस धरणे’ हा शब्द घ्या. वेठ म्हणजे मोबदला न देता करून घेतलेले काम. महार वतनाच्या नावाखाली पिढ्यान्‌पिढ्या जी कामे फुकट करून घेतली गेली आणि जी वतने कायद्याने रद्द व्हायला १९५८ साल उजाडावे लागले, त्या व्यवस्थेतला हा शब्द आहे. अरुण ज्योतीला वेठीस धरतो असे आपण म्हणतो, तेव्हा ज्यांच्या पूर्वजांना खरोखर वेठीस धरले गेले त्यांच्यापैकी एक जण ते हत्यार दुसऱ्यावर चालवतो आहे, हे त्या एका शब्दात येते. जयप्रकाश पॅलेस्टिनींवरील अत्याचारांचा दाखला देऊन कालचे अत्याचारित आज अत्याचारी कसे होतात असे सांगतो, तेव्हा त्याला हेच म्हणायचे आहे.

भीमथडीकर

जयप्रकाशचा तो सिद्धान्त ऐकायला आकर्षक आहे आणि नेमका म्हणूनच मला तो संशयास्पद वाटतो. ‘साधा वाचक’ यांची वेठीची व्युत्पत्ती बरोबर आहे; निष्कर्ष मात्र घाईचा आहे. ज्यांनी अत्याचार सोसला ते पुढे अत्याचार करतात असा नियम असता, तर या देशातील सर्वांत हिंसक नवरे कोण असायला हवे होते आणि सर्वांत सुसंस्कृत कोण, याचे उत्तर देऊन पाहावे. पोलीस ठाण्यातील आणि न्यायालयातील अनुभव त्या उत्तराला दुजोरा देत नाही.

मी स्वतः दलित कुटुंबात वाढलो आहे आणि या नाटकाशी माझे नाते सुरुवातीपासून भांडणाचे आहे. तेंडुलकरांना १९९३ सालचा सरस्वती सन्मान याच नाटकासाठी मिळाला, आणि ज्या नाटकासाठी कधीकाळी आपल्यावर चप्पल भिरकावली गेली त्यासाठीच आज सन्मान होतो आहे, असे त्यांनी तो स्वीकारताना सांगितले होते. चप्पल फेकण्याचे समर्थन मी करत नाही; पण राग कशाचा होता हे समजून घेतले पाहिजे. नाटकात अरुणच्या बाजूचे जगच नाही. त्याची आई येत नाही, बहीण येत नाही, त्याच्या वस्तीतील एखादी बाई येत नाही. त्याचे दोन मित्र येतात ते सभेचे आमंत्रण द्यायला.

आता मूळ मुद्दा. अरुण आपल्या हिंसेचे समर्थन करताना म्हणतो त्याचा आशय असा, की आम्ही असेच आहोत, आमच्यात दारू पितात, बायकांना मारतात, आम्हाला तुमची सभ्य रीत जमत नाही. नाटकातील भावनिक कोंडीचे सर्वांत धारदार हत्यार माझ्या मते हे आहे, अश्रू नव्हेत. कारण या वाक्यापुढे नाथांसारखा पुरोगामी माणूस निःशस्त्र होतो. ‘तू मारतोस’ याचा प्रतिवाद करता येतो. ‘आम्ही मारतो’ याचा प्रतिवाद केला की आपण जातीयवादी ठरू, ही भीती त्याला गप्प बसवते. अरुण स्वतःच्या कृत्याची जबाबदारी अख्ख्या समाजावर ढकलतो आणि स्वतः त्या समाजाच्या आड उभा राहतो. हे त्याच्या समाजाचे प्रतिनिधित्व नाही, त्या समाजाची बदनामी आहे, आणि त्यातही त्याच्या मार खाणाऱ्या आईची.

रंगमंचावर एखादी दलित स्त्री असती तर तिने त्याला तिथल्या तिथे उत्तर दिले असते. ही माझी कल्पना नव्हे. बेबी कांबळे यांचे ‘जिणं आमुचं’ १९८६ साली पुस्तकरूपाने आले; त्यात वस्तीतील सुनांच्या वाट्याला आलेला मार आणि जाच त्यांनी न लपवता लिहिला आहे, पण ‘आम्ही असेच’ म्हणून तो स्वीकारलेला नाही. अरुणचे वाक्य खरे मानणारा प्रेक्षक आणि अरुणच्या वाक्याने घायाळ होणारे नाथ हे एकाच जाळ्यात सापडतात, असे मला वाटते. हे जाळे तेंडुलकरांना दिसत होते की तेही त्यात सापडले होते, याचा निर्णय मी अजून करू शकलेलो नाही.

तिसरी घंटा

‘भीमथडीकर’, या प्रतिसादाबद्दल मनःपूर्वक आभार. ‘तू’ आणि ‘आम्ही’ यांतील फरक माझ्या ध्यानात आला नव्हता. एक भर घालतो. अरुणचे आत्मकथन प्रसिद्ध होते, गाजते, नाथही ते वाचून भारावतात. आणि मग त्यांना पडलेला प्रश्न असा, की दुसऱ्याच्या वेदनेविषयी इतके नेमके लिहिणारा माणूस घरी असा कसा वागू शकतो. या प्रश्नातही तीच चूक आहे. वेदना नेमकी कुठे होते हे ज्याला ठाऊक असते, त्यालाच ती नेमकी देताही येते. संवेदनशीलता आणि क्रौर्य परस्परविरोधी असतात, हा नाथांचा समज आहे, आणि कवीविषयी तो आपल्याकडे फार लवकर करून घेतला जातो.

ओसरी

नाथांवर येथे अन्याय होत आहे असे मला वाटते. माझे वडील सेवादलाच्या शाखेत वाढले. त्या पिढीला बाबासाहेबांचे १९३६ सालचे म्हणणे तोंडपाठ होते, की जात मोडण्याचा खरा उपाय आंतरजातीय विवाह हाच आहे. शेकडो लोक व्यासपीठावर ते बोलत आणि मुलीचे लग्न मात्र पत्रिका पाहून करत. नाथ तसे करत नाहीत. मुलीच्या शब्दाला मान देतात. त्यांनी नकार दिला असता तर आज आपणच त्यांना दांभिक म्हटले असते. अरुणच्या हाताचा हिशेब नाथांच्या खात्यावर का मांडायचा?

सुईदोरा

मी गेली काही वर्षे कौटुंबिक समुपदेशन केंद्रात काम करते. ‘ओसरी’ यांच्या प्रश्नाला माझ्या कामाच्या बाजूने उत्तर देण्याचा प्रयत्न करते.

नाथांनी लग्नाला होकार दिला यात काहीच चूक नाही. चूक नंतरची आहे. त्यांनी मुलीच्या संसाराला ‘प्रयोग’ मानले, आणि प्रयोग म्हटला की तो यशस्वी होणे आवश्यक ठरते. आमच्याकडे येणाऱ्या स्त्रियांना प्रत्येकीला कोणी ना कोणी असे ओझे दिलेले असते. कुठे ते घराण्याच्या अब्रूचे असते, कुठे धाकट्या बहिणीच्या लग्नाचे. ज्योतीच्या खांद्यावर जातिअंताचे आहे. ओझे उदात्त असले म्हणून हलके होत नाही. उलट ते खाली ठेवणे अधिक कठीण होते, कारण अब्रूवर रागावता तरी येते.

दुसरी गोष्ट, स्वतःच्या पसंतीने लग्न केलेल्या मुलींना परत येणे जास्त अवघड जाते, असा माझा अनुभव आहे. ‘तूच निवडलास ना’ हे वाक्य घरात कोणी उच्चारण्याचीही गरज नसते. ज्योतीच्या आईने आणि भावाने तिला आधी सावध केले होते. परतणे म्हणजे त्यांचे बरोबर होते हे मान्य करणे. तिच्या जागी अरुणची निवड वडिलांनी केली असती, तर कदाचित ती पहिल्याच थपडेनंतर कायमची परत आली असती.

अरुण तिच्या आईवडिलांविषयी जे अश्लील आरोप करतो त्याकडे सहसा दुर्लक्ष होते. लोकांना ती निव्वळ शिवीगाळ वाटते. तसे नाही. बायकोला मारणाऱ्या पुरुषाला तिचे माहेर ही सर्वांत मोठी अडचण असते, कारण तिथे तिला झोपायला जागा आणि बोलायला माणूस असतो. रोज थोडे थोडे विष कालवत गेले की माहेरचे नाव काढणेच तिला नकोसे होते, भांडण टाळण्यासाठी ती जाणे कमी करते, आणि एके दिवशी तिच्या लक्षात येते की आपल्याला जायला ठिकाणच नाही. नाटकाच्या शेवटी ज्योती स्वतःच्या तोंडाने वडिलांशी संबंध तोडते. त्या तोडण्याची तयारी कधीपासून चालली होती ते या आरोपांत पाहावे.

लेनोर वॉकर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९७९ साली मारहाणीच्या चक्राचे तीन टप्पे मांडले होते : ताण साचणे, मारहाण होणे आणि त्यानंतरचा पश्चात्तापाचा, गोडीगुलाबीचा काळ. प्रत्येक घरात हे चक्र याच क्रमाने फिरते असे नाही, आणि त्यावर पुढे टीकाही झाली. तरी तिसऱ्या टप्प्याविषयी त्यांनी जे सांगितले ते मी टेबलाच्या पलीकडे अनेकदा पाहिले आहे. बाई मारामुळे राहत नाही, ती त्या चार चांगल्या दिवसांमुळे राहते. ‘साधा वाचक’ यांची लेबलांविषयीची तक्रार मला मान्य आहे, पण लेबल आणि निदान यांत फरक असतो.

साधा वाचक

मान्य. चार चांगल्या दिवसांचे वाक्य मी लक्षात ठेवीन. एक शंका मात्र आहे. ज्योती सुशिक्षित आहे, शहरातली आहे, तिचे वडील आमदार आहेत. कायद्याचा आधार तिला सहज मिळाला असता. तेंडुलकर तो दरवाजा उघडतच नाहीत. हे कथानकाच्या सोयीसाठी केले आहे असे वाटत नाही का?

सुईदोरा

नाटक रंगभूमीवर आले १९८३ च्या सुरुवातीला. नवऱ्याकडून होणाऱ्या क्रूरतेसाठीचे ४९८-अ हे कलम दंड संहितेत आले त्याच वर्षाच्या डिसेंबरात, आणि त्याच्या चर्चेत मध्यवर्ती होते हुंडाबळींचे प्रश्न. ज्योतीच्या प्रकरणात हुंडा नाही. शाब्दिक आणि भावनिक छळ हाही कौटुंबिक हिंसाचार आहे, असे कायद्याने स्पष्ट म्हणायला २००५ चा अधिनियम यावा लागला, आणि तो लागू झाला ऑक्टोबर २००६ मध्ये. त्या काळात ज्योती ठाण्यावर गेली असती तर ‘मुलीचे वडील आमदार, जावई दलित’ एवढेच वर्तमानपत्रांत आले असते, आणि हे तिला ठाऊक असणार. कायदा असूनही त्याचा वापर केल्यास आपलाच विचार हरेल, या भीतीने गप्प बसलेल्या स्त्रिया मी आजही पाहते.

नांदी

या निमित्ताने ‘एकच प्याला’ची आठवण होणे अपरिहार्य आहे. नाटककार राम गणेश गडकरी जानेवारी १९१९ मध्ये गेले आणि महिन्याभराच्या आत गंधर्व नाटक मंडळीने ते नाटक बडोद्यात रंगभूमीवर आणले. बालगंधर्वांची सिंधू पाहून प्रेक्षागृह रडत असे, हे आपण आजी-आजोबांकडून ऐकत आलो. सुधाकर वकील, बुद्धिमान, मानी. अपमानाने खचतो, दारूला लागतो, घर धुळीला मिळवतो. सिंधूला न्यायला वडील येतात, तेव्हा ती ‘कशि या त्यजू पदाला’ म्हणून राहते, दळणकांडण करून संसार चालवते, आणि शेवटी मरताना नवऱ्याला वाचवण्यासाठी पोलिसांशी खोटे बोलते. त्या पदाला पिढ्यान्‌पिढ्या ‘वन्समोअर’ मिळाला.

सुधाकरही अधूनमधून शुद्धीवर येतो, रडतो, शपथा घेतो. त्याच्या पश्चात्तापाकडे आपण शोकांतिका म्हणून पाहिले. सिंधूला वेठीस धरणारा तो पश्चात्तापच होता, असे मला हा धागा वाचेपर्यंत सुचले नव्हते. फरक इतकाच, की सिंधूजवळ ‘पातिव्रत्य’ हा तयार शब्द होता. ज्योतीला तो चालणार नाही, ती समाजवाद्याची मुलगी आहे. म्हणून तिला माणुसकी, परिवर्तन, माणूस मुळात वाईट नसतो, अशा नव्या शब्दांत तेच पातिव्रत्य पाळावे लागते.

भीमथडीकर

‘नांदी’ यांनी सुधाकरचे नाव काढले हे फार बरे झाले. शंभर वर्षांत सुधाकर पाहून कोणी असे म्हटल्याचे माझ्या ऐकिवात नाही, की पांढरपेशा वकिलांच्या घरी असेच चालते, त्यांच्यात हे रक्तातच असते. त्याची हिंसा दारूच्या खात्यावर गेली. अरुणही दारू पितो, पण त्याची हिंसा जातीच्या खात्यावर जाते. प्रेक्षक तसे करतात, नाथ तसे करतात, आणि अरुण स्वतः तसे करतो. सुधाकरला ‘आम्ही असेच’ म्हणण्याची गरजच पडत नाही, कारण त्याला कोणी ‘तुम्ही’ म्हणून पाहतच नाही. मूळ लेखातील दोन तराजूंची कल्पना मला पटली, ती इथे सर्वांत उपयोगी पडते.

ओसरी

प्रयोगाच्या ओझ्याविषयी ‘सुईदोरा’ यांचे म्हणणे मला पटले. माझ्या वडिलांच्या पिढीने मुलांच्या नावांपासून सगळ्यालाच चळवळ केले होते. जयप्रकाश, ज्योती ही नावे तरी काय सांगतात? तरीही एक गोष्ट नाथांच्या बाजूने नोंदवतो. अरुणने ज्योतीला लाथ मारल्याची हकिकत सेवाकडून कळल्यावर त्याच्या पुस्तकाच्या चर्चेचे अध्यक्षपद घ्यायला ते नकार देतात. तिथे त्यांचे तत्त्व मुलीच्या आड येत नाही.

तिसरी घंटा

नकार देतात, आणि मग जातात. सेवाच त्यांना जायला लावते, कारण न गेल्यास त्याचा सूड ज्योतीवर उगवला जाईल अशी तिला भीती वाटते. मला हा प्रसंग सगळ्या नाटकात सर्वांत भयंकर वाटतो. अरुणने काही धमकी दिलेली नाही. तो फक्त आमंत्रण देतो, हसून देतो. तरी एक आमदार आपल्या बुद्धीला न पटणारे कौतुकाचे भाषण करायला निमूटपणे जातो, कारण त्याची मुलगी दुसऱ्याच्या हातात आहे. ज्या माणसाचा पहिल्या अंकात या दिवाणखान्यात जीव गुदमरत होता, त्याच्या नुसत्या मर्जीच्या अंदाजावर आता हा दिवाणखाना चालतो. सत्तेचा तराजू इतका फिरलेला असताना आवाज कोणाचाच चढलेला नाही.

आणि ते भाषण पोकळ होते हे ओळखते ती ज्योती. ती येऊन वडिलांना जाब विचारते. नाथ म्हणतात की ते तिच्यासाठी केले. माझ्यासाठी म्हणून खोटे बोललात, हे तिला सहन होत नाही, कारण माणूस मुळात वाईट नसतो, त्याला बदलण्याची संधी द्यावी, हेच तर तिने त्यांच्याकडून खरे म्हणून घेतले होते आणि त्याच्याच आधारावर ती परत गेली होती. माणूस आणि त्याच्यातील पशू वेगळे काढता येत नाहीत, हे तिला आता कळले आहे. तरी ती जाते. वडिलांचे आडनाव बाजूला सारून, आपण अरुण आठवलेची बायको आहोत, तुमच्या स्वच्छ जगाने आपल्या सावलीलाही शिवू नये, असे बजावून जाते.

हे जाणे म्हणजे तिचे सामर्थ्य की तिची पूर्ण हार, यावर चार वर्षांपूर्वी माझ्या एका मित्राशी जे भांडण झाले ते अजून मिटलेले नाही. त्याच्या मते पहिल्यांदाच ती डोळे उघडे ठेवून जाते, म्हणून ती स्वतंत्र आहे. मला वाटते की अरुण इतके दिवस जे सांगत होता, की तू आता त्यांची नाहीस, तेच ती स्वतःच्या शब्दांत म्हणते आहे.

विंगेतून

या शेवटच्या प्रसंगाविषयी सांगते आणि थांबते. दिग्दर्शकांची सूचना अशी होती की जाताना मी नाथांकडे वळून पाहायचे नाही. पहिल्या दोन प्रयोगांत मी तसेच केले. तिसऱ्या प्रयोगात सेवाची भूमिका करणाऱ्या ताई संवाद संपल्यावरही आपल्या जागेवर थांबल्या नाहीत. मी दाराकडे निघाले तशा त्याही दोन पावले पुढे आल्या आणि थबकल्या. संहितेत तसे काही नव्हते. मी त्यांच्याकडे पाहिले. नाटकभर ज्या एका व्यक्तीने अरुणविषयी कधी काही खोटे सांगितले नव्हते, तिच्याकडे जाताना पाहण्याची तरतूदच आम्ही केली नव्हती, हे मला त्या क्षणी समजले. नंतर दिग्दर्शक रागावले. पुढच्या प्रयोगात ताई आपल्या जागेवर थांबल्या, आणि मी न पाहता गेले.